दोन सारख्या काड्या

१

सन १९९८, ऑगस्ट सरत आला होता. आदल्या साली रानं पेटून महिनोन्महिने धूर कोंडला होता; ते धुराचं साल मागे पडलं होतं आणि फळांचा हंगाम लागला होता. असा हंगाम दरसाल येत नाही. वर्षानुवर्षं रान गप्प बसतं, मग एकदम पिकतं. डुकरांचे कळप नदी पोहून येतात. धनेशाच्या पंखांचा आवाज उजाडल्यापासून डोक्यावर असतो. अशा दिवसांत माणूस सरकारने बांधून दिलेल्या वस्तीत पत्र्याखाली बसत नाही. रानात फिरून जगणारा पेनान माणूस तर नाहीच.

आबान आपली माणसं घेऊन राखीव जंगलात येऊन राहिला होता. तिथे पेनानांना डुक्कर मारायची मुभा होती, धनेश मारायची नव्हती. मुक्कामावर तीन खोपी होत्या. एक आबानची. एक त्याची मुलगी उराइ आणि जावई लेजेंग यांची. तिसरी आबानच्या थोरल्या बहिणीची, ऊबुंगची. उराइचे दिवस भरत आले होते.

आबान हे काही त्याचं जन्माचं नाव नव्हे. बायको गेली की पुरुषाला आबान म्हणतात. त्याची बायको धुरात गेली. गेलेल्या माणसाचं नाव कोणी घेत नाही, म्हणून तिचंही कोणी घेत नव्हतं.

रोज सकाळी आबान वरच्या पायवाटेने एक फेरी मारी. त्या दिवशी वाटेच्या कडेला त्याला एक खूण दिसली. जमिनीत रोवलेला खुंट, त्याचं टोक फोडलेलं, फटीत एक घडी घातलेलं पान आणि एक काडी. घडीचं पान म्हणजे भूक. एक काडी म्हणजे एकटा माणूस. खुंट झुकला होता नदीच्या वरच्या अंगाला. मी उपाशी आहे, एकटा आहे, तिकडे आहे.

आबानला वाटलं, लेजेंग डुकराच्या मागे लांब गेला असेल. त्याने दोन सारख्या लांबीच्या काड्या तोडल्या आणि फटीत आडव्या बसवल्या. जे माझं आहे त्यातलं अर्धं तुझं. असंच उत्तर देतात, दुसरं देतच नाहीत. मग तो मुक्कामावर येऊन भाजलेल्या साबूची, ताडासारख्या झाडाच्या गराच्या पिठाची, पुडी घेऊन गेला, खुंटाच्या पायाशी ठेवली आणि परतला.

२

लेजेंग ऊबुंगच्या खोपीमागे सरपण फोडत बसला होता.

"तू इथे?" आबान म्हणाला.

"मग कुठे असणार, मामा? आत्याबाईंनी सकाळपासून कोयता हातात दिलाय. म्हणतात, बाळंतपणाला एवढं लाकूड लागतं. मला वाटतं हत्तीण बाळंत होणार आहे."

"खूण कोणाची मग? वरच्या वाटेला?"

लेजेंगने मान हलवली. तो आज मुक्कामावरून हलला नव्हता.

आबानचा पुतण्या अजांग त्या वेळी चुलीशी बसून गरम पाणी पीत होता. तो राखीव जंगलाच्या नोकरीत होता, धनेशाची घरटी मोजायला आला होता. अंगात हिरवा सदरा, खिशात शिट्टी.

"काका, ती आमच्या नव्या पोरांची असणार," तो म्हणाला. "पाहुण्यांना दाखवायला मी त्यांना खुणा शिकवतोय. परवा एकाने 'पुढे साप आहे' लावायच्या जागी 'माझा सासरा मेला' असं लावलं."

"सासऱ्याला कळवलं का?" ऊबुंगने आतून विचारलं.

सगळे हसले. आबानही हसला. मग अजांग सहज म्हणाला, "पण पोरं तर कालच होडीने खाली गेली." आणि पाणी पिऊ लागला.

खूण सकाळी ताजी होती. पानाच्या देठातून चीक येत होता. आबानने ते कोणाला सांगितलं नाही. रानात माणसं येतात, जातात. सगळ्यांची खबर आपल्याला कशी असणार, असं त्याने मनाशी ठरवलं.

३

दुसऱ्या दिवशी पुडी तिथेच होती. त्या वाटेवर लाल मुंग्या असतात. भाजलेला साबू त्यांच्यापुढे दुपारपर्यंतही टिकत नाही. पुडीवर एकही मुंगी चढलेली नव्हती.

आबानने लावलेल्या दोन काड्या सुकून गेल्या होत्या, साल सुटायला लागली होती. घडीचं पान मात्र हिरवं होतं. देठाशी अजून चीक होता.

काही पानं टिकतात, आबान स्वतःशी म्हणाला. सावलीत तर टिकतातच.

परत येताना त्याला दुसरी खूण दिसली. ही मुक्कामाच्या जवळ होती, जाताना तो तिच्यावरूनच गेला असणार. पुन्हा घडीचं पान, पुन्हा एक काडी, पुन्हा झुकाव वरच्या अंगाला. आबान या वेळी खाली बसला आणि नीट पाहू लागला.

उजव्या हाताने कोयता मारला की काप एका बाजूला उतरतो. हा काप दुसऱ्या बाजूला उतरला होता. पानाची घडी एकदा आत, एकदा बाहेर घालून टोक पोटात खुपसलं होतं. बायका साबू बांधतात तसं. पण सगळ्या बायका टोक वरून खुपसतात. एकच बाई खालून खुपसायची. बत्तीस वर्षं तो तशा पुड्या सोडत आला होता आणि दर वेळी वैतागला होता, कारण टोक सापडायचं नाही.

आबान बराच वेळ उकिडवा बसून राहिला. डावखुरी माणसं पुष्कळ असतात. घडी कोणीही कशीही घालू शकतं. भुताखेतांच्या गोष्टी तो मुलांना निजवायला सांगत असे, स्वतःसाठी त्याने कधी ठेवल्या नव्हत्या.

त्याने हात पुढे केला, पण पानाला लावला नाही. लावला असता तर टोक कुठे आहे ते त्याच्या बोटांना न पाहता सापडलं असतं. ते त्याला नको होतं.

आसपास पायाचा ठसा नव्हता. जमीन ओली होती, त्याचे स्वतःचे ठसे घोट्यापर्यंत उमटले होते.

४

तिसरी खूण उराइच्या खोपीमागे निघाली. पाणवठ्याच्या वाटेवर, उंबऱ्यापासून हाताच्या अंतरावर म्हणा ना.

उराइ आत पाय पसरून बसली होती. पाय सुजले होते.

"बाबा, आत्या पहाटे आली होती का?"

"ती अजून उठलेली नाही."

"मग पाय कोणी चेपले?" उराइ म्हणाली. "मी अर्धवट झोपेत होते. वाटलं आत्याच आहे. हात गार होते, ओले. साबूच्या पाण्याचा वास येत होता. बरं वाटत होतं म्हणून मी डोळे उघडले नाहीत."

आबानने तिच्या पावलांकडे पाहिलं. घोट्यांवर पांढरट साय सुकून बसली होती. साबू तुडवून गाळताना बायकांच्या पायांना लागते तशी. मुक्कामावर आठवडाभर कोणी साबू गाळला नव्हता.

तो उठला आणि ऊबुंगकडे गेला. तिला सगळं सांगितलं. तिने मधे एकही शब्द टाकला नाही, आणि हे तिच्या स्वभावात नव्हतं.

"तू उत्तर लावलंस?" शेवटी ती म्हणाली.

"लावलं."

"कोणाची खूण आहे ते न बघता?"

"भुकेची खूण होती, आक्का. भुकेल्याला नाव विचारतात का?"

"जिवंत असेल तर नाही विचारत."

आबानने चुलीतलं लाकूड आत सारलं.

"आणि पुडी ठेवून निघून आलास," ऊबुंग म्हणाली. "ती काय कुत्रं आहे? आपल्यात कोणी एकटं जेवतं का? तू अर्धं कबूल केलंस. तिला ते मिळालेलं नाही, म्हणून ती जवळ जवळ येते आहे. आली ती पोरीचे पाय चेपायलाच आली, मला कळतं. तिचा जीव आहे पोरीवर. पण भुकेलं माणूस हाताला लागेल ते धरतं, आणि या घरात उद्या-परवा हाताएवढं बाळ असणार आहे."

"काय करू म्हणतेस?"

"शब्द दिलास तो पाळून ये, बाळ यायच्या आत. तिच्यासमोर बस, अर्धं कर. तुझं तू खा, तिचं ती खाईल. तिच्याकडे बघू नकोस. आणि तिच्या वाट्यातला घास तुझ्या तोंडात गेला तर परत यायची वाट विसर."

"आणि ती जेवली नाही तर?"

ऊबुंगने चूल फुंकली. "संसार तू केलास. मला काय विचारतोस?"

५

लेजेंगने आदल्या संध्याकाळी एक डुक्कर पाडलं होतं. फळं खाऊन माजलेलं, चार बोटं चरबी. त्याचे वाटे सगळ्यांना सारखे झाले होते. आबानने आपला वाटा पानात बांधला, साबूचं पीठ घेतलं, छोटी कढई घेतली आणि करंडी पाठीला लावली.

"मी येतो," लेजेंग म्हणाला.

"तू बायकोजवळ बस."

"मामा, ती वाट आपल्या धुरातल्या मुक्कामाला जाते. तिकडे कोणी जात नाही."

"म्हणूनच म्हणतो, बस."

उराइ दारात उभी राहिली. तिला काय ते ऊबुंगने सांगितलं असावं. ती रडली नाही. बापाची पोर होती.

"तिला सांगा," ती म्हणाली, "माझे पाय आता बरे आहेत."

आबानने मान हलवली आणि निघाला.

खुणा पुढेही होत्या. प्रत्येक वळणावर एक खुंट, प्रत्येक खुंटात हिरवं पान. रान पिकलेलं होतं. खाली फुटलेल्या फळांचा आंबूस वास, वर माकडांची भांडणं, मधमाश्यांचं घोंघावणं. ओढा ओलांडेपर्यंत हे सगळं बरोबर होतं. ओढ्यापलीकडेही झाडं फळांनी वाकली होती, पण खाली एकही फळ पडलेलं नव्हतं आणि वर खाणारं कोणी नव्हतं. आबान थांबला. मागे ओढ्याच्या अलीकडून माकडांचा गलका येत होता. पुढून काही नाही.

मग पुढूनही आवाज आला. धप, सप. धप, सप. चटईवर साबू तुडवण्याचा आवाज. एक पाय जड, एक हलका.

त्याच्या बायकोचा डावा पाय जरा आखूड होता.

त्याला परत फिरावंसं वाटलं नाही, याचंच त्याला भय वाटलं. पाय आपसूक भराभर पडायला लागले होते, लग्नाआधी पडायचे तसे. त्याने मुद्दाम चाल हळू केली.

६

धुरात माणसं गेली तो मुक्काम सोडून सगळे निघाले होते. तिला तिच्याच खोपीत निजवून ठेवलं होतं. एवढ्या महिन्यांत ती खोप कोसळून कुजायला हवी होती. ती उभी होती. छपराची पानं हिरवी होती. चटई ओढ्याकाठी पसरलेली होती, ओली, आणि तिच्यातून पांढरं पाणी ठिबकत होतं. तुडवणं थांबलं होतं.

"आलो," आबान मोठ्याने म्हणाला. आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही.

तो खोपीत चढला. आत निजायची जागा रिकामी होती. चुलीच्या एका अंगाला लाकडं रचलेली होती. त्याने जाळ केला, पाणी ठेवलं, पीठ सोडलं आणि ढवळत राहिला. खळ घट्ट झाली. चरबीचे तुकडे वर पसरले. कढई त्याने उतरवून खाली मधोमध, दोन माणसांच्या मध्ये ठेवतात तशी ठेवली. खळ गुंडाळून खायचा बांबूचा एक चिमटा स्वतःच्या बाजूला, एक पलीकडे. मग चिमट्याच्या टोकाने खळीवर बरोबर मधून एक रेघ ओढली.

"ही तुझी बाजू," तो म्हणाला आणि पाठ फिरवून बसला.

समोर खोपीची भिंत होती. पानांच्या फटींतून दुपारचं ऊन येत होतं. मागे काही हाललं नाही. फक्त खालच्या बांबूंनी एकदा कर्रर्र केलं, कोणी समोर येऊन मांडी घातली की करतात तसं. साबूच्या पाण्याचा वास आला.

आबान थांबला. खाण्याचा आवाज येत नव्हता. शेवटी त्याने मान वळवली, कढईपुरतीच.

रेघ सरकली होती. त्याची बाजू मोठी झाली होती. पलीकडे पळीभर खळ उरली होती, आणि चरबीचे सगळे तुकडे त्याच्याकडे होते.

कढई कलती असेल, आबानने विचार केला. खळ पसरते. त्याने कढईखाली खापर सारलं, बोटाने कड तपासली. कढई सपाट होती. त्याने पुन्हा मधून रेघ ओढली, चरबी मोजून अर्धी पलीकडे केली आणि पुन्हा पाठ फिरवली.

दुसऱ्यांदा त्याने पाहिलं तेव्हा पलीकडे पळीभरही नव्हती.

७

तेव्हा त्याला कळलं.

धुरात सूर्य विझत्या निखाऱ्यासारखा दिसायचा. जाळ पेटवला तरी समोरच्या माणसाचं तोंड दिसत नव्हतं. आबान खोकत पडून होता, उठवून बसवलं की जेवायचा. कढई मध्ये असायची. पलीकडे चिमटा कढईला लागल्याचा आवाज यायचा, म्हणून त्याला वाटायचं ती जेवते आहे. आपल्या बाजूची खळ संपत का नाही, याचं त्याला नवल वाटलं होतं. साबू पुरतोय म्हणून बरंही वाटलं होतं. तो उठून चालायला लागला त्या आठवड्यात ती गेली. सगळे म्हणाले, धुराने गेली. ऊबुंगने तिला न्हाऊ घातलं होतं. तिची हाडं वर आलेली ऊबुंगने पाहिली असणार, पण ती कोणाला काही म्हणाली नव्हती.

आता कढई त्याच्यापुढे होती, भरलेली, वाफाळलेली. डुकराची चरबी चकाकत होती. सकाळपासून त्याच्या पोटात अन्न नव्हतं. यातला कुठलाही घास उचलला तरी तो तिचाच असणार होता, आणि ती प्रेमानेच देत होती, जन्मभर दिला तसा.

खायला हरकत काय, असं त्याला वाटलं. अगदी साधं वाटलं. इथे सावली होती. छप्पर गळत नव्हतं. समोर कोणीतरी बसलं होतं.

त्याच्या हाताने चिमटा उचलला. टोक खळीत बुडालं. कढईपलीकडे, नजरेच्या कडेला, त्याला एक पाऊल दिसलं. मांडीखालून बाहेर आलेला डाव्या पायाचा तळवा. दिवसभर पाण्यात साबू तुडवलेल्या पायासारखा पांढरा, सुरकुतलेला. बोटं आत वळलेली. थंडीत ती अशीच वळवून बसायची.

आबानने डोळे मिटले. चिमटा परत ठेवला.

"हे बरं नाही," तो म्हणाला. "तू नेहमी अशीच. बोलायला गेलो की ऐकायचं नाही."

त्याने मिटल्या डोळ्यांनीच चिमटा लांब सारला.

"उराइला दिवस भरलेत. उद्या होईल, परवा होईल. लेजेंग चांगला आहे पण भित्रा आहे, बाळ हातात घ्यायला लावलं तर पळून जाईल. आक्काचे हात कापतात. मला तिथे असायला हवं. तुझ्या वाट्याचं खाल्लं तर मी इथलाच होईन. मग त्या पोरीचे पाय कोण चेपणार?"

खालचे बांबू कर्रर्र वाजले.

"ती म्हणाली, पाय आता बरे आहेत. असं तुला सांगायला सांगितलंय. खोटं बोलली. सुजलेत अजून. तुझ्यावर गेली आहे, काही लागत नाही म्हणते आणि लागतं सगळं."

त्याला खोकला आला. तो थांबला, गळा साफ केला.

"मी आता आजारी नाही. बघ माझ्याकडे. मी तुला बघत नाही, पण तू मला बघ. डुक्कर चार बोटं चरबीचं होतं. रान पिकलंय. सगळे जेवताहेत, मुंग्यासुद्धा. तू जेवली नाहीस तर मीही जेवणार नाही, आणि इथून उठणारही नाही. बसू दोघं उपाशी."

तो डोळे मिटून बसून राहिला. ऊन भिंतीवरून उतरलं आणि त्याच्या गुडघ्यावर आलं. खळ थंड होऊन तिच्यावर साय धरली असेल. त्याला तहान लागली, तो उठला नाही. पाय बधिर झाले, तो हलला नाही. हट्टात ती त्याच्यापुढे कधी हार मानायची नाही. त्यानेही कधी मानली नव्हती.

मग कढईत काहीतरी घासलं. लोखंडावर बांबूचं टोक, हळूच, कडेकडेने. आबानने पापण्या किंचित उघडल्या आणि कढईच्या वर पाहिलं नाही. रेघ मधोमध आली होती. त्याच्याकडे अर्धं, तिकडे अर्धं, चरबीसुद्धा.

त्याने पाठ फिरवली.

मग चिमट्याला खळ गुंडाळली जाण्याचा चिकट आवाज. एकदा फुंकर. खळ थंड होती तरी ती फुंकर मारायची, सवय होती. मग चावणं. सावकाश, आणि मग भराभर, पुष्कळ दिवसांच्या भुकेल्या माणसासारखं, मधे श्वास घ्यायलाही न थांबता.

आबान ऐकत राहिला. पलीकडे कढईची कड पुसून घेतल्याचा आवाज आला आणि चिमटा खाली ठेवला गेला, तेव्हा त्याने आपला उचलला आणि आपलं अर्धं खाल्लं.